वाचकांचे प्रश्न : कागद कुठे जाणार, ते आधी ठरवा

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा पुण्यात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून ती वसतिगृहात राहणार आहे. शाळेत असताना जूनमध्ये छापील यादी हातात येत असे आणि त्याप्रमाणे आम्ही वह्या आणून, कव्हरे घालून देत असू. महाविद्यालयात अशी यादी कोणी देत नाही. तिच्या वडिलांचे म्हणणे, प्रत्येक विषयाची २०० पानी वही आताच घेऊन द्यावी. तिला मात्र सगळ्या विषयांना मिळून एकच जाडजूड वही हवी आहे. अप्पा बळवंत चौकात एकदा जाऊन सगळी खरेदी उरकून टाकावी, असा विचार आहे. काय आणि किती घ्यावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : खरेदी एकाच फेरीत उरकू नये, ही माझी पहिली विनंती आहे. पहिल्या आठवड्यासाठी एक १०० पानी वही, दोन पेने, पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि सुटे कागद ठेवायला बटणाचे एक प्लास्टिक फोल्डर एवढे पुरेसे आहे. महाविद्यालयात प्रत्येक शिक्षकाची शिकवण्याची रीत वेगळी असते. कोणी फळा भरून लिहितात, कोणी टिपणे सांगतात, तर कोणी पडद्यावर सरकपट्ट्या दाखवून नंतर त्यांची झेरॉक्स घ्यायला सांगतात. कोणत्या विषयाला वही लागणार आणि कोणत्या विषयाला केवळ फाईल, हे चार तास बसल्याशिवाय कळत नाही. जर्नलचे, म्हणजे प्रयोग लिहून जमा करायच्या वहीचे, तर विशेषच आहे. त्याचा आकार, छापील प्रमाणपत्राचे पान, कधी कधी कव्हरचा रंगसुद्धा विभागाने ठरवलेला असतो. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे शिकवले आणि दर वर्षी दोन-चार विद्यार्थी तरी आधीच विकत घेतलेले जर्नल बाजूला ठेवून पहिले तीन प्रयोग नव्या जर्नलमध्ये पुन्हा उतरवताना पाहिले. तो वेळ त्यांच्या अभ्यासातून जात असे आणि मला त्याचे फार वाईट वाटत असे.

आता वडील आणि मुलगी यांच्या मतभेदाविषयी. ए४ आकाराचा कागद हा एक चौरस मीटरचा जवळजवळ सोळावा भाग असतो. कागदाच्या वेष्टनावर ७० जीएसएम असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचे वजन ७० ग्रॅम, म्हणजे एका ए४ कागदाचे साधारण ४.४ ग्रॅम. या आकाराच्या २०० पानी वहीत १०० कागद असतात, म्हणजे पुठ्ठा सोडूनच तिचे वजन ४४० ग्रॅमच्या आसपास भरते. अशा सहा वह्या रोज पाठीवर घेतल्या तर अडीच किलोंहून अधिक ओझे होते, आणि त्यात पाण्याची बाटली, डबा व ॲप्रन अजून धरलेलाच नाही. या दृष्टीने मुलीचे म्हणणे रास्त आहे. परंतु एकच जाड वही हरवली किंवा भिजली तर सहाही विषय एकदम जातात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीने एका विषयाची टिपणे मागितली तर सगळी वहीच हातातून सोडावी लागते. या दृष्टीने वडिलांचेही चुकत नाही.

माझ्या मते विषयांची संख्या मोजून वह्या घेण्यापेक्षा, लिहिलेला कागद शेवटी कुठे जाणार आहे हे आधी ठरवावे. महाविद्यालयात लिहिलेल्या कागदाला तीनच वाटा असतात : काही कागद शिक्षकांकडे जमा करायचे असतात, काही वर्षअखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवायचे असतात आणि काही काम झाल्यावर टाकून द्यायचे असतात. जमा करायचे ते जर्नलमध्ये, पक्क्या शाईने आणि नेटक्या अक्षरात. टाकायचे ते, म्हणजे आकडेमोड व सरावाची गणिते, घरात पडून असलेल्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. जपून ठेवायची टिपणे मात्र सुट्या ए४ कागदांवर लिहावीत, प्रत्येक कागदाच्या डोक्यावर विषय, तारीख आणि पान क्रमांक घालावा, आणि खोलीवर परतल्यावर तो कागद त्या त्या विषयाच्या फाईलमध्ये लावावा. म्हणजे रोज सोबत न्यायला पंधरा-वीस कोरे कागद आणि एक फोल्डर पुरते, आणि जड फाईली वसतिगृहाच्या कपाटात राहतात. ज्या शिक्षकांचा वही तपासण्याचा आग्रह असेल, त्यांच्या विषयापुरती बांधीव वही जरूर घ्यावी.

सुट्या कागदांची ही रीत पान क्रमांकांवाचून कोलमडते, याची कल्पना मुलीला आधीच द्यावी. फाईल घेताना साधी दोन भोकांची घ्यावी आणि सोबत स्वतःचा छोटा पंच ठेवावा. या पंचाच्या दोन भोकांमधले अंतर ८ सेंटिमीटर असे ठरलेले असल्यामुळे कोणत्याही दुकानातली दोन भोकांची फाईल त्याला जुळते. कागदाची कड मधोमध दुमडून नखाने बारीक खूण करायची आणि ती खूण पंचावरच्या मधल्या खुणेला लावायची. एवढे केले की पाने वरखाली होत नाहीत आणि त्यांचे कोपरे फाटत नाहीत.

प्रयोगशाळेसाठी कच्ची वही आणि पक्की वही असा भेद मात्र कटाक्षाने पाळावा. कच्ची वही बांधीवच हवी, सुटे चिटोरे चालणार नाहीत. ब्युरेटची, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, वाचने घेताना आकडा थेट कच्च्या वहीत लिहायचा असतो. तीन वाचनांपैकी जुळणारे वाचन, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणतात, ते तिथेच अधोरेखित करायचे. चुकलेला आकडा खोडू नये, त्यावर पांढरी शाई तर मुळीच लावू नये. मूळ आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा. पुढे गणिताचे उत्तर जुळेनासे झाले की चूक नेमकी कुठे झाली, हे त्या रेघ मारलेल्या आकड्यावरूनच सापडते. पक्क्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, रेघी बाजूला लेखन आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आकृती असते. प्रयोग ज्या दिवशी झाला त्याच आठवड्यात तो उतरवून सही घ्यावी. सत्र संपताना प्रमाणपत्रावर शिक्षकांची आणि विभागप्रमुखांची सही लागते, आणि तेव्हा एकाच टेबलासमोर साठ-सत्तर विद्यार्थी उभे असतात.

पेनाविषयी एक प्रसंग सांगते. परतीच्या पावसाचे दिवस होते आणि प्रात्यक्षिक परीक्षेला एक विद्यार्थिनी बस थांब्यापासून भिजत आली. कापडी पिशवीतले जर्नल चिंब झाले होते. तिने ते जेल पेनाने लिहिले होते आणि सगळी निळी शाई पानांवर पसरून वाचनांचे तक्ते दिसेनासे झाले होते. आम्ही पानापानांत गाळणकागद घालून ते पंख्याखाली ठेवले. पेन्सिलीच्या आकृत्या मात्र जशाच्या तशा होत्या आणि माझ्या बॉलपेनाच्या सह्याही शाबूत होत्या, म्हणून तिची परीक्षा झाली. जेल पेनाची शाई पाण्यात कालवलेली असते, बॉलपेनाची तेलकट असते. पेन्सिलीतले ग्राफाइट पाण्यात विरघळतच नाही. आपल्याकडे महाविद्यालये ऐन पावसाळ्यात सुरू होतात, म्हणून जर्नलला बॉलपेन आणि दप्तरात एक जाड प्लास्टिकची पिशवी, या दोन गोष्टी मी आवश्यक मानते.

बाकीचे थोडक्यात. ॲप्रन सुती, पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा घ्यावा, कारण कृत्रिम धाग्याचे कापड ज्वाळेजवळ वितळून त्वचेला चिकटते. कॅल्क्युलेटर शास्त्रीय पण प्रोग्राम न साठवणारा असावा आणि परीक्षेत कोणता चालतो, हे शिक्षकांना विचारूनच तो घ्यावा. घेतल्यावर पहिल्याच दिवशी तीस अंशांची साइन काढून पाहावी. उत्तर ०.५ आले तर ठीक. उणे ०.९८८ आले तर यंत्र रेडियनवर आहे असे समजून ते अंशांवर आणावे. अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके बऱ्या अवस्थेत मिळतात, पण त्यासाठीही अभ्यासक्रमाची प्रत हातात आल्यावरच जावे, कारण अभ्यासक्रम बदलला असेल तर स्वस्तात मिळालेले पुस्तक निरुपयोगी ठरते.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. वरच्या वर्गातला एक विद्यार्थी त्याचा मिनी ड्राफ्टर (चित्रफळ्यावर समांतर रेघा मारायचे साधन) निम्म्या किमतीत देतो आहे. घ्यावा का? आणि पेन्सिली कोणत्या घ्याव्यात?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : अवश्य घ्यावा, पण तपासून. ड्राफ्टर फळ्याला घट्ट आवळा आणि कागदाच्या वरच्या बाजूला एक आडवी रेघ मारा. पट्ट्या संपूर्ण फळ्यावर फिरवून खालच्या बाजूला दुसरी रेघ मारा आणि दोन्ही रेघांमधले अंतर डाव्या व उजव्या टोकाला मोजा. नंतर पट्टी परत पहिल्या रेघेवर आणा. अंतर दोन्हीकडे सारखे असेल आणि पट्टीची कड पहिल्या रेघेवर तंतोतंत बसत असेल, तर सांधे चांगले आहेत. केसभर फरक पडला तरी घेऊ नका, कारण तो फरक शीटवर शेवटच्या चौकटीपर्यंत वाढत जातो. आवळायच्या स्क्रूचे आटे झिजलेले नाहीत ना आणि पट्ट्यांवरचे आकडे पुसलेले नाहीत ना, एवढेही पाहा.

पेन्सिलीच्या कांडीत ग्राफाइटमध्ये माती मिसळलेली असते. माती जितकी जास्त, तितकी कांडी कठीण आणि रेघ फिकी. म्हणून रचनेच्या फिक्या रेघांसाठी २एच, ठळक रेघांसाठी एच आणि अक्षरांसाठी एचबी, अशा तीन पेन्सिली तुम्हाला पुरतील. टोक करताना पॉलिश पेपरचा एक तुकडा जवळ ठेवा. शार्पनरने केलेले टोक त्यावर दोनदा फिरवले की रेघ एकसारखी येते. शीटचा आकार शिक्षकांना विचारूनच शीट घ्या, आणि शीट घडी न घालता झाकणाच्या नळकांड्यातून न्या. घडीची रेघ कितीही दाबली तरी जात नाही, आणि तिच्यावरून पेन्सिल गेली की तिथे रेघ तुटते.

प्रश्न : मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे बहुतेक साहित्य मोबाइलवर येते. फळ्याचे फोटो, पीडीएफ, मैत्रिणींच्या टिपणांचे फोटो असे शेकडो आहेत आणि हवे ते वेळेवर सापडत नाही. सगळेच छापून घ्यावे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नको, खर्चही होईल आणि गठ्ठाही तसाच पडून राहील. फोनमध्ये प्रत्येक विषयाचे एक फोल्डर करा आणि त्यात टाकताना नाव बदलून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रकरणाचे नाव लिहा, उदाहरणार्थ २०२५-०८-१४ आणि पुढे विषय. या क्रमाने लिहिले की सर्व नोंदी आपोआप तारखेप्रमाणे लागतात. दिवस आधी लिहिला तर ऑगस्टची आणि जानेवारीची पाने एकमेकांत मिसळतात. दर रविवारी अर्धा तास काढून त्या आठवड्याचे फोटो लावून टाका आणि अस्पष्ट किंवा दोनदा काढलेले पुसून टाका. छापायचे ते फक्त ज्यावर तुम्हाला पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत तेवढेच, आणि तेही कागदाच्या एकाच बाजूला, म्हणजे समोरची कोरी बाजू तुमच्या स्वतःच्या टिपणांसाठी राहील.