घरच्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला कोणता कंडेन्सर माइक घ्यावा? भिंतींना अंड्याचे ट्रे लावू का?

दहा बाय दहाची खोली, वर पत्रे, खाली फरशी आणि तुमचा खडा आवाज, एवढं तुम्ही सांगितलंय. या खोलीसाठी कंडेन्सर घेऊ नका. तो फार बारीक ऐकतो. गल्लीतली मोटरसायकल, तापलेल्या पत्र्याची कडकड, भिंतीवरून परत येणारा तुमचाच आवाज, सगळं गाण्यात येईल. शूर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक घ्या, तो दूरचं कमी आणि जवळचं जास्त पकडतो. त्याला तोंडापासून चार बोटं ठेवून, किंचित तिरका धरून गा. इतक्या जवळून गायल्यावर खोली मागे पडते. मात्र त्याहून जवळ गेलात की आवाज जाड, घुमल्यासारखा येतो.

वाचलेले पैसे खोलीत घाला. अंड्याचे ट्रे अजिबात लावू नका. पातळ पुठ्ठा घुमारा शोषत नाही, बाहेरचा आवाजही अडवत नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो. जुन्या कापसाच्या जाड गाद्या घरोघरी पडून असतात, त्या तुमच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या करा. पाठीमागे आधी, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. गादी आणि भिंत यांत वीतभर जागा सोडलीत तर खालचे सूरही जास्त शोषले जातात. फरशीवर सतरंजी, गोधडी, जे असेल ते.

उभं कुठे राहता यालाही फार महत्त्व आहे. दहा फुटी चौरस खोलीत साधारण ११३ हर्ट्झचा घुमारा दोन्ही दिशांनी एकदमच उठतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग नेमका तिथे असतो. बरोबर मधोमध तो सगळ्यात जोरात असतो, कोपऱ्यातही. भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर उभे राहा.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ म्हणून पाहा आणि ती उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) लावा. हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा, नाहीतर त्यात वाजणारा संगीताचा ट्रॅक माइकमध्ये झिरपतो.

उन्हाळ्यात कूलर बंद करून बसवत नाही, म्हणून पहाटे रेकॉर्ड करा. लाइट गेल्यावरची वेळही मला फार आवडते: लॅपटॉप बॅटरीवर, गल्लीतले पंखे-मोटारी बंद, वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही नाही. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मात्र काम थांबवायचं.

आई आणि काकूंची कानबाईची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणीही घ्यायची म्हणताय, ती या खोलीत घेऊ नका. नात्यात कुणाचं धाब्याचं घर अजून उभं असेल तर तिथे जा. मातीच्या जाड भिंती आणि मातीचंच छत, बाहेरचं फारसं काही आत येत नाही. बायकांना माइकपासून तीन फुटांवर अर्धगोल बसवा, खणखणीत आवाजाच्या थोड्या मागे. एवढ्या अंतरावरून मात्र कंडेन्सरच लागेल, तो तेवढ्यापुरता कुणाकडून मागून आणा.