वाचकांचे प्रश्न : गाठ सुटेना, राग आवरेना

प्रश्न : डोनाल्ड डकचा ‘क्युअर्ड डक’ (1945) हा लघुपट पाहून आमच्या सहावीच्या मुलांनी मोबाइलवर दहा सेकंदांचा चित्रपट केला. कंदी पेढ्यांच्या खोक्याच्या दोऱ्याची गाठ सुटत नाही म्हणून एक मुलगा चिडतो, एवढीच गोष्ट. चेहरा लाल केला, डोक्यातून वाफ काढली, तरी राग पोचत नाही. शिवाय चित्रं सारखी हलतात. कुठे चुकतंय?
– चित्रकला शिक्षिका, सातारा

उत्तर : मुलांनी रागाचा स्फोट दाखवला, त्याआधीचं राग आवरणं दाखवलं नाही. ‘क्युअर्ड डक’मध्ये डोनाल्डची मैत्रीण डेझी हिच्या घरची खिडकी उघडेना म्हणून डोनाल्ड सगळं घर मोडून टाकतो आणि मग डेझी नुसती कडी फिरवून ती उघडते. पण खरी गंमत पुढे आहे. राग घालवायला मागवलेलं यंत्र दहा मिनिटं त्याला डिवचत राहतं आणि तो स्वतःला कसाबसा धरून ठेवतो. बघणाऱ्याचा श्वास अडकतो तो तिथे. दिग्दर्शक जॅक किंग यांनी या धडपडीला भरपूर वेळ दिला आहे. तुमच्या चित्रपटातही वेळेची वाटणी बदला.

जुन्या चित्रपटांत सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असत आणि बहुतेकदा एक चित्र दोन चौकटींना वापरत. म्हणून तुम्ही सेकंदाला 12 फोटो धरा, म्हणजे दहा सेकंदांना 120. त्यांतले 24 पहिल्या प्रयत्नाला द्या आणि 12 नुसतं गाठीकडे बघण्याला. इथे एकच चित्र पुरतं, मध्ये एकदा पापणी लववा. दुसऱ्या प्रयत्नाला पुन्हा 24. मग राग गिळण्याला तब्बल 30. उसळण्याआधी अंग खाली दबतं, त्याला 5. स्फोटाला फक्त 7. उरलेल्या 18 फोटोंत आजी दोऱ्याचं मोकळं टोक ओढते आणि गाठ सुटते. अंग दबण्याचे ते 5 फोटो गाळले तर उडी कितीही मोठी काढा, पोकळच वाटते.

राग गिळतानाची थरथर नीट जमायला हवी. दोनच चित्रं आलटून पालटून लावली तर मुलगा चिडलेला न वाटता फोनसारखा व्हायब्रेट होतो. तीन चित्रं काढा आणि 1-2-1-3-2-3 असा क्रम ठेवा. सुरुवातीला रेषा 1 मिलिमीटर सरकू द्या, शेवटी 3. पावलं मात्र जागची हलता कामा नयेत. अंग हलतं आणि पाय रोवलेले राहतात, त्यातूनच आवरण्याचा जोर दिसतो. लाल रंग एकदम फासू नका. मानेपासून कपाळापर्यंत पाच-सहा टप्प्यांत चढवा, तोही रंगीत पेन्सिलीने, कारण स्केचपेनने पातळ कागद चुरगळतो.

चित्रं हलतात कारण प्रत्येक कागद वेगळ्या जागी बसतो. ऑफिसच्या दोन भोकांच्या पंचने सगळे कागद एकाच कडेला पंच करा. भोकांत 8 सेंटीमीटर अंतर असतं. त्याच अंतरावर प्लायवर दोन लाकडी खुंट्या बसवा आणि चित्र काढताना आणि फोटो घेतानाही कागद त्यांतच अडकवा. खुंट्या सैल असतील तर सगळी मेहनत वाया जाते. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. खिडक्या बंद करून दिव्याच्या उजेडात काम करा. पावसाळ्यात ढग सरकले की उजेड बदलतो आणि चित्रपट लुकलुकतो.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा फार तापट आहे. असा लघुपट दाखवून फरक पडेल का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसता दाखवून नाही. हा लघुपट इलाज सांगत नाही. शेवटी डेझीच्या टोपीला डोनाल्ड हसतो आणि डेझीच भडकते. त्याच्या निमित्ताने मुलाला बोलतं मात्र करता येईल. आधी स्वतः पूर्ण पाहा, कारण जुन्या कार्टूनमध्ये मोडतोड आणि मारामारी बरीच असते. मग मुलासोबत बसा आणि डोनाल्ड खिडकीशी झटत असताना, तो भडकायच्या आत, चित्रपट थांबवा. ‘त्याचे हात कसे झालेत? तुझे होतात का तसे?’ एवढंच विचारा. ‘तू असाच करतोस’ असं म्हणू नका, तो गप्प बसेल. आणि हे सगळं तो शांत असताना करा. रडारड चालू असताना फोन हातात दिला तर चिडलं की फोन मिळतो, एवढंच त्याच्या लक्षात राहील.