लोहखत घातलं की पालकात लोह वाढतं का?

प्रश्न : परसबागेत पालक आणि टोमॅटो घेते. घरात दोघींचं हिमोग्लोबिन कमी आहे. मातीत लोह आणि जस्ताचं खत घातलं, तर ते भाजीतही उतरेल का?

उत्तर : ताई, जस्त उतरेल. लोहाचा भरवसा मी देणार नाही.

मातीत लोह बहुधा भरपूर असतं, अडतं ते विरघळण्यावर. चुनखडीच्या जमिनीत सामू (pH, म्हणजे मातीची आम्ल-विम्लता) आठच्या आसपास गेला, की फेरस सल्फेट घातलं तरी थोड्याच दिवसांत ते मुळांना घेता न येणाऱ्या रूपात जातं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाची कमतरता समजा. तेव्हा फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या किंवा चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लोह फवारा, झाड सावरेल. पण मुळातच निरोगी असलेल्या पालकात जादा खताने लोह फारसं वाढत नाही, आणि पालकातलं लोह शरीरात शोषलंही कमीच जातं. म्हणून हिमोग्लोबिनसाठी आधी डॉक्टरांना भेटा, हे कळकळीने सांगतो.

जस्ताचं तसं नाही. जमिनीत ते कमी असेल, तर झिंक सल्फेटने पानांतलं प्रमाण खरंच वाढतं. मात्र स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मारा केलात, तर जस्ताचं शोषण घटतं.

खतातून माणसापर्यंत पोषण पोचल्याचा सर्वांत ठळक दाखला सेलेनियम या शरीराला अगदी थोडं लागणाऱ्या खनिजाचा. फिनलंडच्या मातीतून पिकांना ते फार कमी मिळायचं. 1984 पासून तिथे रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळू लागले आणि लोकांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. गंमत म्हणजे पिकाला स्वतःला त्याची गरज नसते!

मला खरी काळजी वाटते ती युरियाची. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पालक काळपट हिरवा, रसरशीत दिसतो, पण देठांत नायट्रेट साठतं आणि क जीवनसत्त्व घटतं. ढगाळ दिवसांत नायट्रेट आणखी साठतं. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे 3500 मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. टोमॅटोला पालाश (पोटॅशियम) कमी पडू देऊ नका. रंग आणि चव दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

तूर्त काहीच घालू नका. माती तपासून घ्या आणि सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद व जस्त एवढे आकडे कळवा. मात्रा त्यावरून सांगतो.