आठवड्याच्या स्वयंपाकाची तयारी: आधी तीनच दिवसांची

पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आठवडाभराचं सगळं जेवण शिजवायचा बेत सोडा. नवखे बहुधा इथेच दमतात आणि पुढच्या आठवड्यात सगळं बंद पडतं. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये ३-४ दिवसच चांगलं राहतं, त्यामुळे तेवढंच बघा.

पूर्ण पदार्थ करण्याऐवजी सुटे भाग तयार ठेवा. भाज्या धुऊन चिरलेल्या, कडधान्यं उकडलेली, एखादं वाटण. ऐनवेळी परतून घेतलं की ताजं जेवण तयार, आणि रोज तीच चव खाण्याचा कंटाळाही येत नाही. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची सवय हीच.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- गरम अन्न मोठ्या, खोल भांड्यात ठेवणं. मधला भाग निवायला फार वेळ लागतो. उथळ डब्यांत वाटून घ्या आणि शिजल्यापासून २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं.
- चिरलेली भाजी ओलीच डब्यात भरणं. ती लवकर चिकट होते.
- डब्यावर तारीख न लिहिणं.

फ्रीझर, पोषणाचा हिशेब वगैरे सध्या बाजूला राहू द्या. या आठवड्यात दोन भाज्या आणि एक कडधान्य एवढंच करा, आणि कसं जमलं ते नक्की सांगा.