पेपर सोडण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. हिवाळी सत्राच्या परीक्षेत दोन पेपर सोडून देण्याचा विचार तू कळवला आहेस. अंतर्गत गुण चांगले पडले आहेत, एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची सवलत, मिळणारच आहे आणि परीक्षेच्या दिवसांत घरी कापसाची वेचणी ऐन भरात असेल, ही तुझी तीन कारणे. तिसरे कारण मी मुळीच हलके मानत नाही. मजूर मिळत नसताना आईवडिलांना शेतात सोडून परीक्षा केंद्रावर जाणे यावल-चोपड्याकडच्या मुलींना किती जड जाते, हे मी वर्षानुवर्षे वर्गातील रिकाम्या बाकांवरून पाहत आलो आहे. पहिली दोन कारणे मात्र श्रेणीपद्धतीने तुझ्या मनात निर्माण केली आहेत आणि ती तपासून पाहायला हवीत.

पेपर 100 गुणांचा असून त्यात 60 गुण लेखी परीक्षेला आणि 40 अंतर्गत मूल्यमापनाला असतील, तर सत्राच्या मध्यावरच विद्यार्थ्याच्या हाती 33-34 गुण येतात. एकूण 40 गुणांवर उत्तीर्ण एवढाच निकष असता, तर लेखी पेपरात सहा-सात गुण पुरले असते. म्हणूनच अनेक अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट असते, म्हणजे 60 पैकी 24 गुण स्वतःच्या उत्तरपत्रिकेवरच मिळवावे लागतात. तुझ्या अभ्यासक्रमाची नियमावली महाविद्यालयाच्या कार्यालयातून मागून घे आणि ही अट स्वतः वाच. अंतर्गत गुण सर्वांना सढळ हाताने वाटले जातात, हे मला मनापासून खटकते, कारण त्यामुळे अभ्यास झाल्याचा भास होतो आणि लेखी परीक्षेची ओढ नेमकी तिथेच आटते.

दुसरी गोष्ट श्रेयांकांची, म्हणजे प्रत्येक पेपराला ठरवून दिलेल्या वजनाची (क्रेडिट). विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 10 गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ श्रेणीला 10, ‘बी प्लस’ला 7, ‘पी’ला 4, तर अनुत्तीर्ण आणि गैरहजर या दोघांनाही शून्य श्रेणीगुण मिळतात. समज, तुझे सत्र 22 श्रेयांकांचे आहे आणि 4 श्रेयांकांच्या ज्या पेपरात तुला 7 श्रेणीगुण सहज मिळाले असते, तो तू सोडलास. 4 गुणिले 7 असे 28 गुण गेले आणि 22 श्रेयांकांवर काढलेली सत्राची सरासरी सुमारे 1.27 ने खाली आली. याउलट तेवढ्याच श्रेयांकांच्या आवडत्या विषयात रात्री जागून 7 चे 8 केलेस, तर सरासरी जेमतेम 0.18 ने वाढते. पुढे त्या पेपरात उत्तीर्ण झालीस की सरासरी सावरते, हे खरे. परंतु तोवर पुढच्या सत्राचे पेपरही समोर उभे असतात, आणि उन्हाळी सत्रात जळगाव-भुसावळच्या 44-45 अंशांच्या उन्हात एका दिवसात दोन पेपर देण्याची वेळ येऊ शकते. शिवाय बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे विषय राहिले असतील, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. आजारपण, अपघात, घरातील मृत्यू अशा प्रसंगी वर्ष वाया जाऊ नये म्हणून एटीकेटीची सोय आहे. ती आधीच हिशेबात धरून अभ्यास आखणे मला पटत नाही.

श्रेणीपद्धतीचा आणखी एक परिणाम तुझ्यासारख्या हुशार मुलांवरच होतो. श्रेणीचा पट्टा 60 ते 69 असा असेल, तर 61 आणि 69 यांना एकच श्रेणी मिळते. 63 च्या आसपास असलेला विद्यार्थी खाली घसरण्याच्या भीतीपासून दूर असतो आणि वर चढण्याची आशाही त्याला वाटत नाही, त्यामुळे तो सैल पडतो. तुझे मागील गुण पट्ट्यात कुठे बसतात ते विषयवार लिहून काढ. दोन-तीन गुणांनी वरची श्रेणी हुकलेला एखादा विषय त्यात नक्की सापडेल.

पेपराला बसलीस आणि नापास झालीस, तरी तुझ्याकडे उत्तरपत्रिका असते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. विद्यापीठाकडे छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो आणि कुठे कमी पडलो ते कळते. गैरहजर राहिल्यास यातले काहीच हाती येत नाही. श्रेणीगुण दोन्हीकडे शून्यच असल्याने मुलांना हा फरक दिसत नाही, आणि या पद्धतीचा हाच दोष मला सर्वांत मोठा वाटतो.

वेळापत्रक लागले की वेचणीचे दिवस त्याच्या शेजारी लिहून वडिलांसमोर ठेव. पेपरांमध्ये बहुधा एखाद-दोन दिवसांची सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी शेतात जाऊन दुपारनंतर अभ्यासाला बसता येईल. दोन्ही पेपर झेपणारच नाहीत असे खरोखर दिसले, तर 2 श्रेयांकांचा मागे ठेव, पण 4 श्रेयांकांचा देच. त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत. रविवारी येऊन घेऊन जा.

तुझे,
सर