वाचकांचे प्रश्न : आयोडीनच्या गोळीचा भरवसा किती?

प्रश्न : अणुबॉम्ब पडला तर आयोडीनची गोळी घ्यावी, असे वाचले. गोळी नसेल तर आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन भागेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन लागते. पोटॅशियम आयोडाइडच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत ते सुमारे १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे एका गोळीच्या बदल्यात साडेसहा किलोंहून जास्त मीठ! जखमेवर लावायचे टिंक्चरही पिऊ नये, ते विषारी आहे.

गोळीचे काम एकच. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकायची, म्हणजे स्फोटातून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ ला तिथे शिरकाव मिळत नाही. सीझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी इतर किरणोत्सारी द्रव्ये किंवा बाहेरून येणारे गॅमा किरण यांच्यापुढे ती निरुपयोगी. मात्रा प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते ३ वर्षे ३२, नवजात बाळाला १६. वेळ चुकली की गोळी वाया : किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याआधीच्या २४ तासांत किंवा नंतर २ तासांत घेणे उत्तम, ८ तासांपर्यंत थोडाफार उपयोग. चाळिशीपुढे सहसा गरज नसते. प्रशासनाने सांगितल्याशिवाय कोणीच घेऊ नये.

खरा धोका लहान मुलांना. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर १५ मेगाटनांचा (दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतका) अणुचाचणीचा स्फोट केला. दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर किरणोत्सारी पांढरी भुकटी पडली, मुले तिच्यात खेळली, ती पडलेले पाणी लोक प्यायले. त्यांना हलवले दोन दिवसांनी. १९६३ पासून थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या, त्या बहुतांश तेव्हा दहा वर्षांखालच्या असलेल्यांना.

आयोडीन-१३१ गवतातून गाईच्या दुधात उतरते. ते दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणून ८० दिवसांत हजारांश उरते. तोवर मुलांना आधीची सीलबंद दूध पावडर द्यावी.

प्रश्न : अणुस्फोटानंतर घरात किती वेळ थांबायचे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : निदान २४ तास, पुढचे प्रशासन सांगेल. स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की खाली पडलेल्या किरणोत्सारी धुळीचा मारा दहावा हिस्सा होतो : पहिल्या तासानंतर १०० धरला, तर ७ तासांनी १०, ४९ तासांनी १. पक्क्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब बसावे, कारण धूळ गच्चीवर आणि रस्त्यावर साचते. बाहेरून आल्यास वरचे कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधावेत, बरीचशी धूळ त्यांच्याबरोबर जाते. अंग साबणाने धुवावे, पण खसाखसा घासू नये. केसांना कंडिशनर लावू नये, त्याने धूळ केसांनाच चिकटते.