रात्रीचे तीन आणि बाजेची चार टोकं

जय ख्रिस्त ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा दुपारी आणि मग मुद्दाम रात्री सगळे झोपल्यावर, कारण असली पत्रं दिवसा वाचली की अर्धीच कळतात. तुला तू म्हणते, राग मानू नकोस, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस आणि त्यात नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.)

पत्रात तू बरंच काही विचारलंयस, मुलाचं, घराचं, फेलोशिपमधल्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनेच्या गटातल्या, भांडणाचं. सगळ्याला सारखा वेळ देणार नाहीये, आधीच सांगते. मला तुझ्या रात्रीबद्दल बोलायचंय.

तू लिहितेस, "गेले पाच महिने रात्री तीनला डोळे उघडतात ते उघडतातच. मिस्टर आणि मुलगा गाढ झोपलेले. प्रार्थना करायला जाते पण शब्द छताच्या वर जात नाहीत. फेलोशिपमधल्या एक काकू म्हणाल्या विश्वास कमी पडतोय, उपास धर. कुणाला सांगणार, इथे सगळे मला स्ट्राँग समजतात." आणि मग अगदी शेवटी, थँक्यूच्या वरच्या ओळीत, "कधी कधी वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं."

हे वाक्य सगळ्यात वर लिहायचं होतंस गं. तू नर्स आहेस ना, वीस वर्षं वॉर्डात काढलीस, एखाद्या पेशंटने जाता जाता तुला असं सांगितलं असतं तर तू ब्लँकेट सारखं करून पुढच्या बेडकडे गेली असतीस का? खुर्ची ओढून बसली असतीस, सरळ विचारलं असतंस, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. तर मीही सरळ विचारते, येतात का? येत असतील तर आत्ता हे वाचायचं थांब आणि मिस्टरांना उठव. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये १११ ला फोन करून २ दाबलं की मानसिक त्रासासाठी माणूस बोलायला मिळतो, समॅरिटन्सचा ११६ १२३ चोवीस तास फुकट आहे, आणि हातून काही होईल असं वाटलं तर ९९९. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांनी ९८८ लक्षात ठेवावा, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, आणि गावाकडे कुणी असं बोलत असेल तर भारतात टेलिमानसचा १४४१६ आहे.

आणि तसे विचार नसले तरी या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचंच. पहाटे लवकर जाग येणं, मग जेवण नकोसं होणं, कशातच जीव न रमणं हे तू दुसऱ्यांच्या चार्टवर किती वेळा लिहिलं असशील. स्वतःचा चार्ट आला की आपण ख्रिस्ती बायका लगेच पेन खाली ठेवतो आणि म्हणतो विश्वासाची परीक्षा चाललीय.

आता काकूंचं. काकूंचं मन चांगलं असेल, पण पाच महिने झोप नाही अशा बाईला उपास सांगायचा? बायबलमधला १ राजे, अध्याय १९ काढून वाच. एलिया रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा! देव त्याला ओरडला नाही, उपास धर म्हणाला नाही. त्याला झोपू दिलं, देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर गेल्यावर. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली तर ती त्या भाकरीसारखी समजून घे, आणि झोपेसाठीची सीबीटी म्हणून जी विचार आणि सवयी बदलायची ट्रीटमेंट असते तिच्याबद्दल विचार, जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी तीच सुचवतात. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं, घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवायचं, सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. तुझ्या नाइट ड्युट्या असतील तर तेही त्यांना सांग, त्याचा हिशोब वेगळा असतो.

पण मला खरं सांगायचंय ते छताचं.

शब्द छताच्या वर जात नाहीत म्हणतेस ना, मला लगेच मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातलं कफर्णहूमचं घर आठवलं. पक्षघाती माणसाला चौघं बाजेवर घालून आणतात, दारात ही गर्दी, म्हणून ते वर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. आणि पुढे काय लिहिलंय? येशूने त्यांचा विश्वास पाहून. त्यांचा! बाजेवरच्या माणसाच्या तोंडी त्या अख्ख्या गोष्टीत एक शब्द नाही बघ. त्याने प्रार्थना केली की नाही, विश्वास होता की उडाला होता, कुणी विचारलंच नाही. छत फोडायचं काम त्याचं नव्हतंच, ते चौघांचं होतं. आणि तू पाच महिने बाजेवर पडल्या पडल्या एकटीच छत फोडायला बघतेयस.

आमच्या वाचकांना माहितीये मी हे नेहमी सांगते, दर दोन महिन्यांनी सांगते, कंटाळा आला तरी परत सांगणार: परदेशात आल्यावर आपल्याला चार माणसांची भीती तेवढी सोबत येते, चार माणसं काय म्हणतील ती, आणि बाज उचलणारी चार माणसं मात्र मागे गावाला राहतात.

माझे वडील पाळक होते. मिशन कंपाउंडमधल्या घराचा व्हरांडा लांबलचक होता आणि रात्री त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आम्ही भावंडं गोधडीत कुजबुजायचो की पप्पा मंडळीसाठी प्रार्थना करतायत. मी इकडे कॅनडाला निघाले त्याच्या आदल्या रात्री ते म्हणाले, तेव्हा मी प्रार्थना करत नव्हतो गं बाळा, मला करताच येत नव्हती, दोन वर्षं. कुणाला का नाही सांगितलंत म्हटलं तर म्हणाले, पाळकच असा म्हटल्यावर चार माणसं काय म्हणतील. आजही मला त्या चपला ऐकू येतात. एक जण जरी त्यांच्यासोबत त्या व्हरांड्यात चालला असता.

म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी गप्प बसले नाही. २००९ चा हिवाळा, मोठा भाऊ अचानक गेला, मला जाता आलं नाही, आणि तुझ्यासारखीच मी तीनला टक्क जागी. एका रात्री कॉलिंग कार्ड घासून मिरजेला मावशीला फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे तीन म्हणजे तिकडे दुपारचा दीड, जेवणं उरकून ती भांडी घासत होती, मागे भंगारवाल्याची आरोळी. मी म्हटलं मावशी मला प्रार्थना येत नाहीये. ती म्हणाली मग तू नको करूस, मी करते, थांब चष्मा कुठं ठेवला. आणि तिने १०२ वं स्तोत्र वाचलं, त्यात ती छतावरची एकटी चिमणी आहे ना, झोप न लागलेली, ते आलं आणि मी इतकी रडले. मग ती ८८ वं वाचायला लागली, त्याचा शेवटसुद्धा अंधारातच होतो, मी म्हटलं मावशी काहीतरी चांगलं वाच की, तर म्हणाली हेही देवाच्याच पुस्तकात आहे, त्याला चाललं तर तुला का चालू नये. मी कधी झोपले कळलं नाही. कार्डवरची मिनिटं संपेपर्यंत ती वाचत राहिली होती, दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुझा श्वास ऐकू येत होता.

मावशी एक टोक. श्रीरामपूरच्या जाऊबाई दुसरं. शेजारची मल्याळी बाई तिसरं, तिला माझी भाषा येत नव्हती, नुसती येऊन चहा करायची. आणि चौथं टोक डॉक्टरांचं, हे मी मुद्दाम सांगते, तिघांनी बाज उचलली असती तर ती कलंडली असती.

पंडिता रमाबाईंचं घे. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, बाई स्वतः बायबलचं भाषांतर करण्याइतक्या विद्वान. पण १९०५ च्या जानेवारीत केडगावला त्यांनी आपल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनाच विचारलं रोज प्रार्थनेला कोण बसेल, आणि सुमारे ७० जणी पुढे आल्या. त्यांना मदत मागायला लाज वाटली नाही. आणि धरलं जायच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने काय केलं? तिघा शिष्यांना म्हणाला, माझ्यासोबत जागे रहा. तो म्हणाला, आणि तू नाही म्हणणार?

तू लिहिलंयस वडिलांचा दफनविधी व्हिडिओ कॉलवर बघितलास, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, आणि "मातीचा आवाज आला, मग ब्रेक संपला म्हणून मी आत गेले." बाई गं. या दुःखाला तू पंधरा मिनिटं दिलीस. ते आता रात्री तीनला येऊन उरलेला वेळ मागतंय. तुझी आईही तिकडे एकटीच आहे ना? तुझ्याकडे तीन वाजतात तेव्हा नगरला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. तुझ्या सगळ्यात काळ्या वेळेला तिथे चहा उकळतोय, कुणालाही झोपेतून उठवावं लागणार नाहीये! आईला काळजी वाटेल म्हणून सांगत नाहीस, असं लिहिलंयस. तिला काळजी वाटू दे, आयांना काळजी करायला आवडतं, काही कळत नाही याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

बाकीचं पटकन. मुलगा मराठीत प्रार्थना करत नाही, नको करू दे, तुझ्या तोंडून ऐकतोय तेवढं सध्या पुरे. मोठं घर घ्यायचा विषय सहा महिने बंद, असल्या अवस्थेत सह्या करू नयेत, मिस्टरांना माझं नाव सांग. नाताळच्या जेवणाचं कोण बघणार हे भांडण यंदा दुसऱ्यांना भांडू दे, करंज्या विकत मिळतात.

आणि ही प्रार्थना, तू म्हणायची नाहीस, मी तुझ्यासाठी करतेय, वाचकांपैकी ज्यांना वाटेल त्यांनी एक टोक धरा:

हे स्वर्गीय पित्या, तू डुलकी घेत नाहीस, झोपत नाहीस, म्हणून आमच्या या बहिणीला आता झोपू दे. तिला शब्द सापडत नाहीत, तू मागू नकोस. तिच्या बाबांची माती तिने लांबून पाहिली, तू जवळ होतास, तिला ते कळू दे. तिच्या डॉक्टरांना शहाणपण दे, मिस्टरांना जाग दे, आईच्या हातात फोन दे. तारवात वादळ चालू असताना उशीवर डोकं ठेवून झोपलेल्या प्रभू येशूच्या नावाने मागते. आमेन.

आईला व्हिडिओ कॉल करू नकोस, नुसता आवाजाचा कर. दिवा लावायचा नाही, खुर्चीत शाल घेऊन बसायचं, आणि तिला म्हणायचं, आई, तू बोल, मी ऐकते.